डावीकडचा लाल डाग

गल्लीचं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते त्याच्या हातातून वस्तरा पडला तेव्हा. तोवर तो त्याच्या दुकानातल्या खुर्चीसारखा होता. रोज दिसायचा, रोज उपयोगी पडायचा, पण आहे असं मुद्दाम कुणाला जाणवायचं नाही.

खुर्चीत विमावाले बसले होते. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. टीव्हीत एकाएकी नगारे बडवल्यासारखं संगीत सुरू झालं, निवेदक घसा फोडून ओरडायला लागला, एका लांबच्या देशाचा नकाशा आला आणि नकाशाच्या कडेला लाल डाग पसरला. तेवढ्यात फरशीवर ठण्णकन आवाज झाला.

"अहो, माझा कान जागेवर आहे ना?" विमावाल्यांनी विचारलं.

"आहे." तो म्हणाला, पण नजर आरशातून हलली नव्हती. "तिथंच. बरोबर तिथंच."

"काय तिथंच?"

"माझी मुलगी."

बाकावर बसलेल्यांच्या हातातली वर्तमानपत्रं खाली आली. त्याला मुलगी आहे, ती दूरदेशी आहे आणि आज तिथे लढाई पेटली आहे, या तिन्ही गोष्टी अर्ध्या गल्लीला एका दमात कळल्या.

लोक त्याला सावकाश म्हणत. 'मान सावकाश खाली घ्या', 'सावकाश वळा', 'सावकाश उठा, घेरी येईल', असं तो दिवसभर म्हणत असायचा, त्यावरून. शेजारच्या खुर्चीवर त्याचा धाकटा भाऊ. तो झटपट. भावाची तीन डोकी उरकत तोवर ह्याचं एक. ज्यांना बस पकडायची असे ते भावाकडे जात. पण म्हातारी माणसं, नुकती आजारातून उठलेली माणसं आणि पहिल्यांदाच केस कापायला आणलेली रडकी पोरं ही सगळी सावकाशच्या वाट्याला. पोराच्या कानाशी कात्री नेण्याआधी तो ती स्वतःच्या कानाशी वाजवून दाखवायचा. पोर रडायचं विसरून बघत राही आणि तेवढ्यात एक बाजू होऊन जाई.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. आतल्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच मोठा आरसा, त्याच्यासमोर दोन खुर्च्या. खुर्च्यांच्या पाठीमागे रस्त्याकडचं दार, दाराला लागून वाट बघणाऱ्यांचा बाक आणि बाकाच्या वर, छताजवळ, टीव्ही. त्यामुळे खुर्चीत बसलेला काय, खुर्चीमागे उभा राहिलेला काय आणि बाकावर बसलेला काय, सगळे टीव्ही बघत ते समोरच्या आरशात. रिमोटसुद्धा सावकाश आरशावर रोखून दाबायचा आणि पाठीमागचा टीव्ही मुकाट ऐकायचा. गिऱ्हाईक नसलं की तो स्वतःच खुर्चीत पाय लांब करून बसे आणि आरशात बघे. बातम्यांची पट्टी उलट्या अक्षरांत सरकायची. ती कुणी वाचत नसे. आवाजच इतका असायचा की वाचायची गरज नव्हती.

हा टीव्ही पूर्वी घरी होता. मुलगी लग्न होऊन गेली आणि बायको म्हणाली, "आता आपण दोघंच. एकमेकांशी बोलू तरी. न्या हे खोकं दुकानात." त्याने नेलं. दुकानात आधी गाणी लागायची, मग सामने लागायचे. लढाई सुरू झाली त्या दिवसापासून मात्र बातम्याच.

मुलगी परिचारिका. जावई तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात लागला आणि ती त्याच शहरातल्या दवाखान्यात. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने शाळेतलं जुनं नकाशांचं पुस्तक काढलं होतं आणि बापाचं बोट धरून एका जागी टेकवलं होतं. "हा बघा बाबा, उशीसारखा देश आहे ना, त्याच्या डाव्या कडेला. अगदी कडेला. शहराचं नाव नाही लक्षात राहिलं तर नको राहू दे, डावी कड लक्षात ठेवा."

त्याने डावी कड लक्षात ठेवली. आणि आता आरशातल्या उशीच्या डाव्या कडेलाच लाल डाग होता.

शहाण्या वाचकाच्या ध्यानात एव्हाना गोम आली असेल. पण त्या दुकानात बसणाऱ्यांच्या ध्यानात ती आली नाही. अक्षरं आरशात उलटी दिसतात हे सगळ्यांना माहीत होतं. मग नकाशाही उलटा दिसत असेल, इतका पुढचा विचार करायचं कुणाला कारणच नव्हतं. डाग डावीकडे असला काय आणि उजवीकडे असला काय, त्यांची लेक तिथे नव्हती. ज्याची होती, तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस नकाशा बघत नाही, डाग बघतो.

त्याच दुपारी त्याने फोन लावला.

"बाबा, इथे काही नाहीये," मुलगी म्हणाली. "लढाई दुसऱ्या टोकाला आहे. पार दुसऱ्या टोकाला. मी आत्ता बाजारातून आले."

"बाजार उघडा आहे?"

"उघडा म्हणजे काय, गर्दी होती. टोमॅटो तेवढे महाग झालेत."

"बरं. जप."

फोन ठेवून तो भावाला म्हणाला, "ऐकलंस? टोमॅटो महाग झालेत. म्हणजे माल येत नाहीये. म्हणजे रस्ते बंद."

"दादा, टोमॅटो आपल्याकडेपण महाग आहेत."

"तू गप. ती काही सांगायची नाही."

त्याच्या या म्हणण्याला आधार होता. मुलगी लहान असताना सायकलवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. बापाला काळजी नको म्हणून ती दोन दिवस लांब बाहीचा सदरा घालून हिंडली. जेवताना डाव्या हाताने घास घ्यायला लागली तेव्हा आईने पकडलं. तोवर विचारेल त्याला तिचं एकच उत्तर, "काही नाहीये." तेव्हापासून तिच्या तोंडचं 'काही नाहीये' ऐकलं की त्याला ती लांब बाही आठवायची.

आणि इकडे टीव्ही तर सगळं सांगत होता. एक उंच इमारत होती. सकाळी ती पडायची, दुपारी पडायची, संध्याकाळी पडायची. आधी तिच्या मधोमध धूर यायचा, मग ती गुडघ्यात मोडल्यासारखी खाली बसायची. सावकाशच्या हिशेबी त्या शहरात आता एकही इमारत उभी नव्हती.

"दादा, ही कालचीच आहे," भाऊ म्हणायचा.

"कालची वेगळी. कालच्या इमारतीला गच्चीवर टाकी होती."

"हिलाही आहे की. धूर येतो म्हणून दिसत नाही."

बाकावर हल्ली गर्दी वाढली होती. केस कापून झालेले लोकही उठत नव्हते. बसचे एक ड्रायव्हर दोन फेऱ्यांच्या मधे येऊन बसत. "आज कुठवर आले?" असं ते दारातूनच विचारत, जसं काही सामन्यातल्या धावाच विचारताहेत. नगारे वाजायला लागले की कुणीतरी म्हणायचं, "चला, हल्ला सुरू झाला, चहा सांगा." पूर्वी सावकाशही या हसण्यात हसला असता. आता तो कात्री थांबवून उभा राही. विमावाले एकदा म्हणाले, "अहो सावकाश, तुमच्या लढाईपायी माझा कानापुढचा कल्ला कालपासून एकाच बाजूला राहिलाय."

खरा पेच महिन्याभरात उभा राहिला. मुलीला दिवस गेले होते. विमानात बसू द्यायचे तेवढे महिने आता सरत आले होते. तिचं म्हणणं, आईने तिकडे यावं. जावयाच्या पाळ्या वेळीअवेळी असतात, शेजारपाजार चांगला आहे पण परका आहे, आणि पहिलीच खेप. आईची कागदपत्रं लढाईच्या आधीच होऊन आली होती. फक्त तिकीट काढायचं होतं. पलंगाखाली आईची पिशवी अर्धी भरून तयार होती. वरती बोटाएवढ्या बाह्यांची झबली.

"ती येईल इकडे," सावकाश म्हणाला. "तू जायचं नाही."

"अहो, ती नोकरी सोडून कशी येईल? किती वर्षं झटली त्या जागेसाठी."

"नोकरी जिवापेक्षा मोठी आहे का?"

"ती म्हणते तिथे शांत आहे."

"ती म्हणते! मनगट मोडलं तेव्हा काय म्हणाली होती?"

"तेव्हा ती नऊ वर्षांची होती हो."

"आणि मी तेव्हाही बापच होतो. अगं, मी रोज डोळ्यांनी बघतोय. डावी कड सगळी लाल आहे. तू गेलीस तर एकीच्या जागी दोघींचा घोर मला."

बायको त्याला उभं आयुष्य ओळखत होती; त्याने कशालाही घाईने 'नाही' म्हटलेलं तिने पाहिलं नव्हतं. तो दिवसभर बघतो, आपण काहीच बघत नाही, असं तिच्या मनात आलं. तिने पिशवी आणखी भरली नाही, पण रिकामीही केली नाही. फोनवर आई-मुलीचं बोलणं छोटं व्हायला लागलं. एक दिवस मुलगी म्हणाली, "असू दे आई. मी बघेन. बाबांना सांग, रागावले नाही मी." आणि मग म्हणाली, "काही नाहीये." या वेळी ते ऐकून आईलाच ती लांब बाही आठवली.

दुकानातला आरसा जुना होता. कडांनी काळे चट्टे पडले होते, एका कोपऱ्यात तर माणसाचा अर्धा चेहरा नाहीसा व्हायचा. नवीन सांगून ठेवला होता, तो नेमका शनिवारी सकाळी आला. आरसेवाल्याने जुना काढला, मागची भिंत चाचपली आणि मान हलवली.

"पोपडे आलेत. गिलावा करून वाळू द्यायला हवा. सोमवारी बसवतो."

"अहो, शनिवार-रविवार धंद्याचे दिवस!"

"मग भिंतीकडे तोंड करून कापा."

भिंतीकडे तोंड करून कोण बसणार? भावाने खुर्च्या उचलून फिरवल्या. दाराकडून उजेडही बरा येत होता. आता गिऱ्हाईकाचं तोंड रस्त्याकडे, आणि सावकाश त्याच्या मागे उभा. आयुष्यात पहिल्यांदाच तो काम करताना दार बघत होता, आणि दाराच्या बाजूला, वर, टीव्ही.

पहिले आले विमावाले. फिरवलेली खुर्ची बघून म्हणाले, "हे काय, आज आम्ही रस्त्याला तोंड दाखवायचं? येणारेजाणारे म्हणतील, विम्याचा हप्ता मागायला बसलेत." बाकावर बस ड्रायव्हर होते. त्यांना टीव्ही दिसायचा बंद झाला, म्हणून ते मान वर करून, उलटे होऊन बघायच्या खटपटीत होते.

नगारे वाजले. नकाशा आला.

सावकाशचा कंगवा थांबला. "अगो बाई," तो म्हणाला, आणि बायकी बोलून गेलो हेही त्याच्या लक्षात आलं नाही. "गेले! डावीकडून गेले! भाऊ, बघ, डावी कड पांढरी झाली!"

"कुठे गेले?" ड्रायव्हरांनी विचारलं.

"उजवीकडे! एका रात्रीत! या टोकाचे त्या टोकाला!"

"एका रात्रीत एवढा देश ओलांडला? माझी बस पण नाही जात एवढ्या झटकन."

"तुम्ही काल बघितलं नाहीत का? काल डावीकडे होते."

"काल, परवा, पहिल्या दिवसापासून उजवीकडेच आहेत. मी घरी बघतो ना जेवताना. जेवतो मी उजव्या हातानं, आणि लाल त्याच बाजूला असतं."

"मी महिनाभर इथे उभा राहून बघतोय, ड्रायव्हरसाहेब."

"मीपण इथेच बसून बघतोय," विमावाले खुर्चीतून म्हणाले, "पण मला विचाराल तर माझ्या ध्यानात काहीच नाही. ते जाऊ द्या. भांग पाडा तेवढा, डावीकडे, नेहमीसारखा." आणि त्यांनी बोट वर करून डोक्याची बाजू दाखवली.

सावकाशचा हात आपोआप निघाला आणि मधेच अडला. एरवी गिऱ्हाईक आरशात बोट दाखवतं. नवशिका कारागीर तिथेच फसतो. त्याच्या उस्तादाने पहिल्या वर्षी त्याच्या बोटांवर कंगवा मारून मारून शिकवलं होतं, की काचेतलं डावं-उजवं ऐकायचं नाही, माणसाच्या डोक्याचं ऐकायचं. तेव्हापासून हजारो डोक्यांचा भांग त्याने बिनचूक पाडला होता. आज समोर काच नव्हती, गिलावा वाळत होता तिकडे त्याची पाठ होती, आणि हात मात्र नेहमीच्या सवयीने काच शोधत होता.

तो वळला. मागची भिंत ओली, करडी, रिकामी. पुन्हा वळून त्याने टीव्ही बघितला. मग खुर्चीला वळसा घालून तो बाकावर येऊन बसला.

"दादा? काय झालं?"

"आरसा," तो म्हणाला. "अरे, डोक्यांचा भांग कळतो मला. आणि हे नाही कळलं."

भावाला कळायला थोडा वेळ लागला. ड्रायव्हरांना आधी कळलं, आणि ते इतके हसले की बाक हलला. "म्हणजे महिनाभर तुम्ही पोरीला लढाईच्या तोंडी नेऊन ठेवलंत! आणि आरसेवाल्यानं एका सकाळी सोडवून आणली!"

"हसू नका हो," विमावाले म्हणाले, पण त्यांच्याही खांद्यावरचं कापड हलत होतं.

सावकाश हसला नाही. तो उठला, कंगवा तसाच खिशात खोचला आणि विमावाल्यांना अर्ध्या भांगावर सोडून घराकडे निघाला. त्या दिवशी गल्लीने सावकाशला पहिल्यांदा भरभर चालताना पाहिलं.

बायको ओट्याशी होती. त्याने सगळं सांगितलं. धाप लागल्यामुळे दोनदा सांगावं लागलं. तिला आधी हसू आलं, मग हसू गिळून तिने हात पुसले.

"अहो, आरशाचं मी समजू शकते," ती म्हणाली. "नजर चुकते माणसाची. पण मुलगी तोंडानं सांगत होती, दुसऱ्या टोकाला आहे म्हणून. रोज सांगत होती. पोटच्या पोरीचं खोटं, आणि भिंतीवरच्या खोक्याचं खरं?"

"ती लपवते ना..."

"ते लपवत नाहीत? एक तरी दिवस त्यांनी तिच्या शहरातला बाजार दाखवला? टोमॅटो दाखवले? जिथे जळतंय तेवढंच दाखवतात. जळत नाही तिथे माणसं राहतात हे विसरायला होतं मग. तुम्हाला झालं. मलाही झालं, तुमच्यामुळे."

तो खाली वाकला आणि पलंगाखालची पिशवी ओढून बाहेर काढली. "अजून काय काय भरायचं आहे?" त्याने विचारलं.

तिकीट निघालं. मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, खरंच आरसा?" आणि रडता रडता इतकी हसली की जावयाने फोन तिच्या हातातून घेतला.

सोमवारी नवा आरसा बसला, खुर्च्या पुन्हा फिरल्या, लाल डाग पुन्हा डावीकडे गेला. आता सावकाश तो बघून मनातल्या मनात उलटा करून घ्यायचा. डावी कड म्हणजे उजवी, तिकडे, लांब, आपलं नाही. असं काही आठवडे चांगलं चाललं. झोप लागायची, जेवण जायचं. ड्रायव्हरांनी "आज कुठवर आले?" विचारलं, की तो इतरांसारखाच सहज सांगायचा, "अजून तिकडेच आहेत."

बायको पोहोचली आणि दुपारच्या निवांत वेळी तिचे फोन यायला लागले. ती भाजीवाल्यांच्या घासाघिशीचं सांगायची, समोरच्या गच्चीत वाळणाऱ्या चादरींचं सांगायची. शेजारीण भाषा येत नसताना कशी खुणांनी भांडते आणि खुणांनीच समेट करते, त्याची नक्कल करायची. तो ते गिऱ्हाइकांना सांगे.

"वहिनींच्या बातम्यांत दम नाही हो," ड्रायव्हर म्हणत. "एक तरी स्फोट टाका मधे."

मग एकदा बायको म्हणाली, "आपल्या मुलीला जपून राहायला म्हणून दवाखान्यात दाखल करून घेतलंय ना, तिथे तिच्या शेजारच्या खाटेवर एक बाई आहे. तुमच्या त्या उजवीकडची."

"माझ्या उजवीकडची म्हणजे?"

"लाल डागातली. तिलाही दिवस भरलेत. नवराबायको एका पावाच्या भट्टीत कामाला होते. भट्टीच्या मागेच घर, खिडक्या निळ्या रंगवलेल्या. नवरा मागे राहिलाय, त्याचा पत्ता नाही. रोज टीव्हीसमोर बसते. तुम्ही बसायचात तशीच. आपलं गाव दाखवतील, भट्टी दाखवतील, म्हणून बघते. ते नेहमी तीच एक इमारत दाखवतात."

त्या दुपारी सावकाशने 'तिकडे' हा शब्द वापरायचा बंद केला. कुणाला सांगून नाही. पण नकाशा आला आणि ड्रायव्हरांनी नेहमीसारखं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तिथे एक पावाची भट्टी आहे. मागे घर आहे, निळ्या खिडक्यांचं. तिथली बाई माझ्या मुलीच्या शेजारच्या खाटेवर आहे."

"मग? भट्टी राहिली का?" विमावाल्यांनी विचारलं.

"माहीत नाही. दाखवत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पडकी घरं दाखवायला लागले तसे ड्रायव्हर बाकावरून उठले, आरशाकडे पाठ करून टीव्हीसमोर उभे राहिले आणि मान मागे टाकून बघायला लागले. "ते धुराडं आहे का बघा. भट्टीला धुराडं असणार." मग सगळ्या बाकाला तोच चाळा लागला. नगारे वाजले की चहा सांगायच्या ऐवजी लोक म्हणायचे, "थांबा, थांबा, त्या भिंतीमागे निळं काय आहे?" कधी ती चादर असायची, कधी ट्रकची ताडपत्री. भट्टी त्यांना कधीच सापडली नाही. पण पडक्या घरांत कुणीतरी राहत होतं हे मात्र त्या बाकावर बसणाऱ्यांना पुन्हा कधी विसरता आलं नाही.

नात झाली ती भर दुपारी. सावकाश भावाच्या गिऱ्हाइकाची दाढी करत होता, कारण भाऊ जेवायला गेला होता. फोन वाजला तसा त्याने वस्तरा बशीत नीट ठेवला, हात पुसले आणि मग उचलला.

"दोघी बऱ्या आहेत," बायको म्हणाली. "नाक तुमचं आलंय, बिचारीचं. आणि ऐका, त्या शेजारच्या बाईला मुलगा झाला काल. आणि आज सकाळी तिचा नवरा आला. बसनं आला, कुठून कुठून फिरत. दाढी छातीपर्यंत. बाई आधी ओळखेचना त्याला. मग त्याच्या हाताचा वास घेतला तिनं आणि तिथेच खाली बसली. भट्टीचा वास म्हणे जात नाही कधी."

सावकाशने ते सगळं दुकानाला मोठ्याने सांगितलं. नातीचं आधी, मग त्या नवऱ्याचं. बाकावर टाळ्या वाजल्या, आणि नक्की कशासाठी वाजल्या ते कुणी विचारलं नाही. ड्रायव्हर आरशात टीव्हीकडे बघत म्हणाले, "बघा, आणि ही बातमी कुठल्याच चॅनेलवर नाही!"

"असू दे," विमावाले म्हणाले. "आपल्याला कळली ना."

बायको चार महिन्यांनी परतली. येताना नातीचे फोटो आणले आणि एक निरोप आणला. त्या दवाखान्याशेजारच्या शाळेत दुसऱ्या टोकाहून आलेली बरीच कुटुंबं राहतात, केस कापायला तिथे कुणी नाही, आणि मुलीने बाबांना, याल का म्हणून, विचारलंय. सावकाश कधी विमानात बसला नव्हता. त्याने विचार करायला बरेच दिवस घेतले. तो त्याचा स्वभाव. बायकोने घाई केली नाही. एक दिवस तो भावाला म्हणाला, "खुर्चीचं तेलपाणी वेळेवर कर. म्हाताऱ्यांना घाई करू नकोस."

"आणि पोरं रडली तर?"

"कात्री आधी आपल्या कानाशी वाजवायची. सोपं आहे."

लढाई अजून थांबलेली नाही. सावकाश विमानाने मुलीकडे गेला, आणि तिथल्या त्या शाळेत तो दर रविवारी केस कापायला जातो. भाषा येत नाही, पण 'सावकाश' हा एक शब्द तिथल्या पोरांनी त्याच्याकडून उचलला आहे, आणि ती त्याला त्याच नावाने हाक मारतात. मुलगी पुन्हा दवाखान्यात रुजू झाली आहे. बायकोही गेल्या महिन्यात तिकडे गेली. सध्या दोघं मुलीकडेच असतात. दिवसभर नातीला तो सांभाळतो, आणि दुकान धाकटा भाऊ चालवतो.